प्रकल्प नोंदी: ऑनलाइन अर्जासाठी सीव्ही

३ जून २०२४ : आखणी

तालुक्याच्या अभ्यासिकेत येणाऱ्या उमेदवारांचे सीव्ही ऑनलाइन अर्जाच्या लायक करायचे, असं काम ठरलं आहे. तीन नमुने समोर ठेवून साचा बनवायचा. पहिला, बीकॉम होऊन घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेब पाहणारा. दुसरा, आयटीआय मशिनिस्ट होऊन चाकणमध्ये व्हीएमसी या धातू कापणाऱ्या संगणक-नियंत्रित यंत्रावर काम करणारा. तिसरी, बीए करून काही वर्षं स्पर्धा परीक्षेच्या तयारीत असलेली आणि आता खाजगी नोकरी शोधणारी. या तिघांचं जमलं की आपल्या भागातले बहुतेक सीव्ही मार्गी लागतील.

काम सुरू करण्याआधी अर्ज पुढे कुठून कसा जातो ते लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत. नोकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलवर भरती करणारी व्यक्ती तुमची फाइल उघडून सुरुवात करत नाही. ती शोधपट्टीत ‘टॅली’, ‘जीएसटी’, ‘बँक रिकन्सिलिएशन’ (बँक खात्याचा मेळ) असे शब्द टाकते. मग अनुभव २ ते ५ वर्षं, शहर पुणे, पगार अमुक ते तमुक, नोटीस पीरियड किती, प्रोफाइल अलीकडे चालू होतं का, अशा चाळण्या लावते. त्यातून जी यादी येते तिच्यात नाव, हेडलाइन, सध्याचं पद, गाव आणि कौशल्यं एवढंच दिसतं. फाइल उघडण्याची पाळी त्यानंतर येते. कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावर, म्हणजे वर्कडे किंवा सक्सेसफॅक्टर्ससारख्या प्रणालीत, फाइल चढवली की प्रणाली ती वाचते आणि तुकडे पाडून रकान्यांत भरते: नाव इथे, कंपनी इथे, तारखा इथे. सोबत काही प्रश्नही विचारते.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवला: आधी शब्द, मग रकाने, शेवटी दिसणं. बाजारात मिळणारे तयार साचे बरोबर उलट्या क्रमाने बनलेले असतात, आणि तिथेच घोळ होतो.

५ जून २०२४ : काय काढायचं

जुन्या बायोडेटातून सरसकट काढायच्या गोष्टी: वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं ‘करिक्युलम व्हिटे’, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, उंची-वजन, छंद, फोटो, ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ ही ओळ, तिच्याखालची जागा, तारीख आणि सही. आधार आणि पॅनचे क्रमांक तर अजिबात नकोत. सीव्ही किती हातांतून जाईल यावर आपला ताबा नसतो. कागदपत्रं ऑफर आल्यावर, तीही कंपनीच्या अधिकृत मार्गानेच द्यायची. ओळख म्हणून आधार मागितलंच, तर शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं.

पूर्ण पत्ताही नको. ‘विटा, जि. सांगली, पुण्यात येण्यास तयार’ एवढं पुरतं. स्थलांतराची तयारी लिहिली नाही तर दूरच्या गावाचा माणूस शहराच्या चाळणीत अडकतो, हे ध्यानात ठेवायचं.

अपवाद दोन. आखाती देशांतल्या नोकरीसाठी राष्ट्रीयत्व, पासपोर्टची मुदत आणि बऱ्याचदा फोटोही मागतात. तिथे ती माहिती वेगळ्या प्रतीत घालायची. सरकारी आणि बँक भरतीत सीव्हीचा संबंधच येत नाही, तिथे त्यांचा फॉर्म असतो. आयबीपीएसच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते. त्यासाठी काढलेला फोटो सीव्हीवर चिकटवण्याची सवय तिथूनच आलेली दिसते.

‘टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट’ छापाचं करिअर ऑब्जेक्टिव्हही काढलं. त्या जागी तीन ओळींचा गोषवारा: कोणतं काम, किती वर्षं, कशावर, आणि आता काय हवं आहे.

७ जून २०२४ : नाव

हा मुद्दा छोटा वाटतो, पण पुढे कागदपत्रांच्या पडताळणीत तोच आडवा येतो. राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर बहुधा स्वतःचं नाव आधी. पोर्टलवर ‘फर्स्ट नेम’ आणि ‘लास्ट नेम’ असे दोन रकाने. गुणपत्रिकेवरून तसंच उतरवलं की फर्स्ट नेममध्ये आडनाव बसतं आणि लास्ट नेममध्ये वडील. मग ईमेल ‘प्रिय पाटील’ म्हणून येतो, आणि ऑफरपत्रावरचं नाव पॅनशी जुळत नाही.

ठरवलं ते असं: सीव्हीवर पहिल्या ओळीत नाव-आडनाव, मधलं नाव आधारवर असेल तरच. पॅन, आधार, बँक खातं आणि पोर्टल, चारही ठिकाणी स्पेलिंग एक. लग्नानंतर आडनाव बदललेल्या उमेदवाराने सध्या पॅनवर जे आहे तेच वापरायचं. जुनं नाव सीव्हीत नाही, पडताळणीच्या फॉर्ममध्ये ‘पूर्वीचं नाव’ या रकान्यात.

ईमेल नाव-आडनाव-अंक असा साधा. मोबाइल एकच, +९१ लावून, दहा अंक सलग. दोन नंबर दिले की फोन नेमका बंद असलेल्यावर येतो.

१० जून २०२४ : साचा

वर्ड किंवा गूगल डॉक्स. ए-फोर, चारही बाजूंनी २ सेंमी समास, एकच स्तंभ. मजकूर १०.५ किंवा ११ पॉइंट, नाव १६, मथळे १२ ठळक. फाँट एरियल किंवा तत्सम साधा. पाच वर्षांपर्यंत अनुभव असेल तर एक पान, त्यापुढे दोन. तिसरं पान कुणालाच नको.

मथळे ओळखीचेच ठेवायचे: समरी, स्किल्स, एक्स्पीरियन्स, एज्युकेशन, सर्टिफिकेशन्स. ‘माझा प्रवास’ असला मथळा वाचणाऱ्या प्रणालीला कळत नाही आणि खालचा मजकूर भलत्या रकान्यात जातो. तारखा उजवीकडे नेण्यासाठी स्पेसबार दाबत बसायचं नाही. उजवा टॅब-स्टॉप लावायचा. तारखांचा नमुना सगळीकडे एकच: ‘जून २०२२ – प्रेझेंट’, अर्थात इंग्रजीत. ‘२२-२३’ असं लिहिलं की ते साल आहे की दिवस, हे कुणालाच सांगता येत नाही.

संपर्काची माहिती पानाच्या मुख्य भागात ठेवायची. वर्डच्या हेडरमध्ये टाकलेला मोबाइल नंबर काही प्रणाली वाचतच नाहीत. उमेदवाराचं सगळं उत्तम असतं, फक्त फोन करायला नंबर नसतो.

१२ जून २०२४ : मजकूर-चाचणी

जमलेल्या सगळ्या फाइलींवर एकच चाचणी घेतली. पीडीएफ उघडायची, कंट्रोल-ए, कंट्रोल-सी, आणि नोटपॅडमध्ये चिकटवायची. नोटपॅडमध्ये जे दिसतं, साधारण तेच प्रणालीच्या हाती पडतं. संगणकावर पॉपलर हा पीडीएफ वाचणाऱ्या साधनांचा संच असेल तर पीडीएफटूटेक्स्ट ही आज्ञा देऊन तेच काम झटपट होतं. फक्त मोबाइल असेल तर पीडीएफवर बोट दाबून धरायचं. शब्द निवडला गेला तर मजकूर आहे, नाही गेला तर ते नुसतं चित्र आहे.

काय काय निघालं ते सविस्तर लिहितो.

स्कॅनर ॲपने फोटो काढून बनवलेली पीडीएफ: नोटपॅड कोरं. म्हणजे शोधपट्टीला या उमेदवाराकडे एकही शब्द नाही. झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतलेला सीव्ही परत स्कॅन करून पाठवणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास होतं. कॅनव्हामध्ये पीडीएफ उतरवताना ‘फ्लॅटन’ची (सगळं एका चित्रात बदलण्याची) खूण केली तरी हाच निकाल.

दोन स्तंभांचा साचा: डावीकडच्या कौशल्यांची ओळ आणि उजवीकडच्या अनुभवाची ओळ एकमेकांत विणली गेली. ‘टॅली प्राइम जून २०२१ ते एक्सेल अकाउंट्स असिस्टंट’ असा मजकूर. माणसाला कागदावर नीट दिसतं, यंत्राला मात्र कंपनी कुठली आणि कौशल्य कुठलं तेच कळत नाही.

बाणाची बुलेट: वर्डमधला तो भरीव टोकाचा बाण विंगडिंग्ज फाँटमधून येतो. चिकटवल्यावर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला काट मारलेला ‘ओ’ दिसतो. साधा गोल ठिपका वापरला की प्रश्न संपतो.

जोडाक्षर-चिन्हं: हे सहज डोळ्यांत भरत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. कॅलिब्री फाँटमध्ये ‘टी’ आणि ‘आय’ ही इंग्रजी अक्षरं शेजारी आली की काही पीडीएफमध्ये ती जोडून एकच चिन्ह बनतं. कागदावर ‘रिकन्सिलिएशन’ अगदी बरोबर दिसतं, पण नोटपॅडमध्ये त्याच्या पोटात एक परकं अक्षर बसलेलं असतं. मग ते शोधून सापडणार कसं? ‘सर्टिफिकेट’, ‘ऑपरेशन’, ‘इन्स्पेक्शन’, ‘टॅक्सेशन’, सगळ्यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये हीच जोडी आहे. म्हणजे नेमके कामाचे शब्दच गळतात. उपाय: फाँट बदलणे, किंवा वर्डच्या फाँट खिडकीतल्या प्रगत पर्यायांत ‘लिगेचर्स’ बंद करून पीडीएफ पुन्हा बनवणे. पडताळणीसाठी नोटपॅडमध्ये कंट्रोल-एफ दाबून हेच शब्द शोधून पाहायचे.

अंतर दिलेली अक्षरं: नावाच्या अक्षरांत शोभेसाठी मोकळी जागा सोडली की ते सुट्ट्या अक्षरांची रांग म्हणून वाचलं जातं.

कौशल्यांच्या पट्ट्या आणि तारे: मजकुरात काहीच येत नाही. आणि आलं तरी ‘एक्सेल ८० टक्के’ याचा अर्थ काय? त्यापेक्षा ‘पिव्हट टेबल, व्हीलुकअप, सम-इफ्स’ लिहावं.

जुना मराठी फाँट: डीटीपी आणि मराठी टायपिंगच्या जागांसाठी अर्ज करणाऱ्यांच्या फाइलीत कृतिदेव किंवा श्री-लिपीत टाइप केलेल्या ओळी असतात. चिकटवल्यावर तिथे इंग्रजी अक्षरांची खिचडी येते. मराठी मजकूर ठेवायचाच असेल तर युनिकोडमध्ये. कौशल्य म्हणून मात्र दोन्ही लिहायचं, कारण छापखाने आजही श्री-लिपी येणारा माणूस शोधतात: ‘मराठी युनिकोड इनस्क्रिप्ट, श्री-लिपी, जीसीसी-टीबीसी मराठी ३० शब्द प्रति मिनिट’.

फाइलचं नाव इंग्रजीत, नाव-आडनाव-पद असं. ‘न्यू फायनल २’ नको, आणि देवनागरी नाव काही पोर्टल घेत नाहीत. नोकरी डॉट कॉमवर मर्यादा २ एमबी आहे. साध्या मजकुराची फाइल त्याच्या जवळपासही जात नाही. गेली तर आत चित्र आहे असं समजायचं.

१८ जून २०२४ : हिशेबाच्या ओळी

पहिल्या, म्हणजे हिशेब पाहणाऱ्या लेखा उमेदवाराच्या सीव्हीत अनुभवाखाली एकच ओळ होती: ‘रिस्पॉन्सिबल फॉर ऑल अकाउंट्स वर्क’. तीन वर्षांचं काम या चार-पाच शब्दांत संपलं होतं. यावर काम करण्याची पद्धत ठरवून घेतली. उमेदवाराला सीव्ही लिहायला सांगायचं नाही, त्याला त्याचा महिना सांगायला सांगायचा. १ तारखेला दुकान उघडल्यापासून ३० तारखेपर्यंत काय काय केलंस? कशात केलंस? किती? चुकलं तर कोण ओरडतं? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, जबाबदारी नेमकी कुठे होती ते त्यातून कळतं.

निघालेलं असं: सिमेंट आणि स्टीलची घाऊक विक्री. टॅली प्राइममध्ये रोज ४० ते ५० खरेदी-विक्री बिलं. तीन बँक खात्यांचा महिन्याचा मेळ. जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) चा तपशील ७ तारखेपर्यंत तयार करून सीएकडे, कारण भरण्याची मुदत ११ तारीख. जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं मासिक विवरणपत्र) च्या २० तारखेआधी जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) शी खरेदी बिलं जुळवणं, न दिसणाऱ्या बिलांसाठी पुरवठादारांना फोन. मालवाहतुकीची ई-वे बिलं. ६० दिवसांवर थकलेल्या येणे रकमांची यादी दर शनिवारी मालकांना.

यातून इंग्रजीत पाच ओळी झाल्या. मराठीत त्यांचा आशय:

टॅली प्राइममध्ये रोज ४०–५० खरेदी, विक्री आणि पेमेंट व्हाउचर. जीएसटी दरानुसार लेजर.
तीन बँक खात्यांचं मासिक रिकन्सिलिएशन.
जीएसटीआर-१ आणि ३बी चा मासिक तपशील तयार करून सीएला मुदतीआधी सादर.
जीएसटीआर-२बी शी खरेदीचा ताळा. तफावतींचा पुरवठादारांकडे पाठपुरावा.
ई-वे बिलं, ६० दिवसांवरील येणे रकमांचा साप्ताहिक अहवाल.

तिसऱ्या ओळीतलं क्रियापद नीट पाहावं. ‘फाइल केलं’ असं लिहिण्याचा मोह होतो, पण विवरणपत्र सीए भरत होता. ‘तयार केलं’ हेच खरं, आणि तेच टिकतं. मुलाखतीत ‘३बी मधली चूक कशी दुरुस्त कराल’ हा प्रश्न आल्यावर खोटं क्रियापद पहिल्याच मिनिटात उघडं पडतं. ई-वे बिल लिहिणाऱ्याला मर्यादाही पाठ हवी: आंतरराज्य ५० हजार, महाराष्ट्रांतर्गत १ लाख रुपये.

प्रत्येक ओळीत आकडा कोंबण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो तसाच घेऊ नये. ‘कार्यक्षमता ३० टक्क्यांनी वाढवली’ असं घाऊक दुकानातल्या हिशेबनिसाने लिहिलं की वाचणारा पुढच्या सीव्हीकडे वळतो. बिलांची संख्या, खात्यांची संख्या, मुदत, हे आकडे खरे असतात आणि कामाचा आकार दाखवतात.

२१ जून २०२४ : व्हीएमसीच्या ओळी

इथे पहिला प्रश्न पदाचा. ऑपरेटर, सेटर आणि प्रोग्रामर या तीन वेगळ्या जागा आहेत. शोधही वेगळा होतो, पगारही वेगळा. जॉब (यंत्रावर घडवायचा भाग) लावून सायकल स्टार्ट करणारा आणि मोजणारा ऑपरेटर. फिक्स्चर (जॉब पकडणारी चौकट) लावणारा, जी५४ वर्क ऑफसेट (जॉबची यंत्रावरची जागा) घेणारा, टूल ऑफसेट (हत्याराचं माप) भरून पहिला जॉब पास करून घेणारा सेटर. आपला उमेदवार दुसऱ्या वर्षापासून सेटिंग करत होता, पण सीव्हीत होतं ‘सीएनसी ऑपरेटर’. नेमणूकपत्रावरचं पद बदलायचं नाही. पद ‘ऑपरेटर’च ठेवून पहिली ओळ ‘सेटिंगसह’ अशी केली आणि पोर्टलच्या हेडलाइनमध्ये ‘व्हीएमसी सेटर-कम-ऑपरेटर’ टाकलं.

कारखान्यातला वाचणारा काय शोधतो: कंट्रोलर कोणता (फानुक, सीमेन्स), धातू कोणता (ॲल्युमिनियम कास्टिंग, ईएन-८ पोलाद), टॉलरन्स (मापातली चालणारी तफावत) किती, मोजमापाची साधनं कोणती. ‘व्हर्नियर ०.०२ मिमी, मायक्रोमीटर ०.०१ मिमी, बोअर गेज, हाइट गेज’ एवढ्या एका ओळीत तो माणूस शॉप-फ्लोअरवरचा आहे हे कळतं. लघुरूप आणि पूर्ण रूप एकेकदा तरी दोन्ही यावं: ‘व्हीएमसी’ही आणि ‘व्हर्टिकल मशिनिंग सेंटर’ही. शोधणारा कोणता टाकेल ते सांगता येत नाही. ग्राहक कंपनीचा पार्ट नंबर किंवा ड्रॉइंगचा तपशील सीव्हीत घालायचा नाही, ती त्यांची गोपनीय माहिती असते.

अप्रेंटिसशिप शिक्षणाखाली टाकायची नाही. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली केलेलं वर्ष हे कारखान्यात केलेलं काम आहे. ते अनुभवाखाली, पदाच्या जागी ‘अप्रेंटिस – मशिनिस्ट’ असं स्पष्ट लिहून. एनएसी (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र) सर्टिफिकेशन्समध्ये.

कंत्राटी कामाचं वेगळं. चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी, कुठेही पाहिलं तरी बरेचजण कंत्राटदाराच्या पटावर असतात आणि सीव्हीत मोठ्या कंपनीचं नाव लिहितात. पडताळणीत कंपनी म्हणते, असा कर्मचारी आमच्याकडे नाही. ते खरंही असतं, कारण पीएफ कंत्राटदाराच्या नावाने कापला जातो. लिहायचं असं: आधी कंत्राटदार संस्थेचं नाव, पुढे ‘कामाचं ठिकाण: अमुक कंपनी, चाकण’. मोठ्या नावाचा फायदा राहतो आणि कागदही जुळतात.

२६ जून २०२४ : मधली वर्षं

बीएच्या उमेदवाराकडे तीन वर्षांचा मोकळा काळ आहे, एमपीएससीची तयारी. तिने तो लपवायला शिक्षणाची सालंच काढून टाकली होती. सालं नसली की वाचणारा सगळ्यात वाईट तेच गृहीत धरतो, आणि काही प्रणाली साल नसेल तर पुढचं पान उघडू देत नाहीत.

महाराष्ट्रात ही मधली वर्षं भरती करणाऱ्यांना नवी नाहीत. एक ओळ पुरते: ‘जुलै २०२० – जून २०२३: एमपीएससी राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी’. पूर्वपरीक्षा उत्तीर्ण असेल तर साल लिहून तेही. त्या काळात शिकवणी घेतली असेल, अभ्यासिकेची नोंदणी सांभाळली असेल, दुकानाचे हिशेब पाहिले असतील, तर ती स्वतंत्र नोंद, महिन्यांसकट. या उमेदवाराने आठवी ते दहावीची शिकवणी घेतली होती. ग्राहक सेवा आणि शैक्षणिक समन्वयक अशा जागांसाठी तेच सगळ्यात कामाचं निघालं, आणि मूळ सीव्हीत त्याचा उल्लेखही नव्हता.

दोन नोकऱ्यांमधली फट तारखा ताणून बुजवायची नाही. यूएएन या कायमच्या पीएफ क्रमांकाखाली पीएफची प्रत्येक नोंद महिन्यासकट दिसते आणि पडताळणीवाले तीच पाहतात. चार महिन्यांच्या फटीने नोकरी क्वचितच जाते. चार महिने खोटे लिहिल्याने मिळालेली ऑफर रद्द होते.

२ जुलै २०२४ : शिक्षणाचे रकाने

पोर्टलच्या यादीत विद्यापीठ सापडत नाही, ही तक्रार नेहमीची. कारण नावं बदलली. पुणे विद्यापीठ २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी. यादीत दोन्ही रूपांनी शोधायचं. ‘अदर’ निवडायचं ते अगदी शेवटी. सीव्हीत पदवीपत्रावर छापलेलं नाव. शहरांचंही तसंच: ‘छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद)’ असं लिहिलं की दोन्ही शोधांत येतं.

सीजीपीए असेल तर सीजीपीएच लिहायचा. टक्केवारी मागितली तर आपल्याच विद्यापीठाचं सूत्र लावायचं. सीबीएसईचं ९.५ ने गुणायचं सूत्र भलत्याच पदवीला लावलेलं दिसतं, ते चूक. अनुभव दोन वर्षांवर गेला की दहावी-बारावी एकेका ओळीत. एमएस-सीआयटी ठेवायचं, पण एक्सेलमध्ये काय येतं ते वेगळं लिहायचं.

८ जुलै २०२४ : पोर्टल प्रोफाइल

सीव्ही चढवला की काम झालं, असं समजून बहुतेकजण प्रोफाइल अर्धवट सोडतात. चाळण्या लागतात त्या प्रोफाइलच्या रकान्यांना, म्हणून तेही तितक्याच काळजीने भरायचे.

हेडलाइन: नोकरी डॉट कॉमवर २५० अक्षरं, लिंक्डइनवर २२०. ‘हार्डवर्किंग फ्रेशर’ नको. लेखा उमेदवारासाठी: अकाउंट्स असिस्टंट, ३ वर्षं, टॅली प्राइम, जीएसटीआर-१/३बी तपशील, २बी ताळा, बँक रिकन्सिलिएशन, ई-वे बिल, पुणे येण्यास तयार. की-स्किल्समध्ये तेच शब्द सुटे सुटे. नोटीस पीरियड खरा. राजीनामा दिला असेल तर ‘सर्व्हिंग नोटीस’ निवडून शेवटचा दिवस टाकायचा, त्या लोकांना आधी फोन जातात. पसंतीच्या शहरांत पुणे, पिंपरी-चिंचवड अशी खरोखर जाऊ शकू तीच.

आठवड्यातून एकदा लॉग-इन करून काहीतरी खरं अद्ययावत करावं. बरेच महिने न हललेलं प्रोफाइल ताज्या प्रोफाइलच्या चाळणीत येत नाही.

राज्याच्या महास्वयं पोर्टलवरही नोंदणी करून ठेवायची. ९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाची भर घालतो: त्याप्रमाणे मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तेव्हा सहा महिन्यांचं प्रशिक्षण होतं. विद्यावेतन तेव्हा बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये होतं. कुणी ते केलं तर सीव्हीत अनुभवाखाली, पद ‘प्रशिक्षणार्थी’, आणि प्रत्यक्ष केलेलं काम.

१५ जुलै २०२४ : पगाराचा रकाना

हातात येणारी रक्कम आणि सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) यांची गल्लत जवळपास सगळ्यांची होते. व्हीएमसी उमेदवाराचं गणित उदाहरण म्हणून लिहून ठेवतो. एकूण पगार २४,०००, त्यात मूळ पगार १५,०००. कपात: पीएफ १,८००, व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात २२,०००. त्याने रकान्यात भरलं होतं २.६४ लाख. सीटीसीत मालकाचा पीएफ हिस्साही येतो: २४,००० अधिक १,८०० म्हणजे २५,८००, वर्षाला ३,०९,६००. फरक ४५,६०० रुपयांचा. पुढची कंपनी वाढ देते ती भरलेल्या आकड्यावर. म्हणजे तो सुरुवातच खालून करत होता. ग्रॅच्युइटी, बोनस धरतात की नाही ते नेमणूकपत्रात पाहायचं.

रकाना लाखांत आहे की रुपयांत, महिन्याचा की वर्षाचा, ते भरण्याआधी वाचायचं. लाखांच्या रकान्यात २२००० टाकलं की पगाराच्या कुठल्याच चाळणीत नाव येत नाही.

१९ जुलै २०२४ : प्रश्न

‘यंत्राने माझा सीव्ही नाकारला’ असं उमेदवार म्हणतात. पाहिलं तर बहुधा प्रश्नांनी नाकारलेलं असतं. ‘टॅलीचा किती वर्षांचा अनुभव?’, ‘पंधरा दिवसांत रुजू होऊ शकता का?’, ‘रात्रपाळी चालेल का?’ यांच्या उत्तरांवर कंपनी आपोआप गाळणी लावू शकते. अर्ज पाठवल्यावर मिनिटाभरात नकाराचा ईमेल आला तर कारण इथे शोधायचं.

अनुभवाचा प्रश्न पूर्ण वाचायचा. ‘पूर्णवेळ’ असेल तर अप्रेंटिसशिप धरायची नाही, नुसता ‘अनुभव’ असेल तर धरायची. २ वर्षं १० महिन्यांना ३ लिहायचं की २? दशांश चालत असेल तर २.८, नसेल तर २, आणि गोषवाऱ्यात महिने स्पष्ट. अंक रिकामा ठेवला की काही फॉर्म शून्य धरतात.

ऑनलाइन ‘एटीएस स्कोअर’ (एटीएस म्हणजे कंपनीची सीव्ही वाचणारी प्रणाली) दाखवणाऱ्या साधनांच्या मागे लागू नये. प्रत्येकाचा आकडा वेगळा, कंपनीच्या प्रणालीशी त्याचा संबंध नाही. नोटपॅड फुकट आहे आणि खरं सांगतं.

२५ जुलै २०२४ : जाहिरातीप्रमाणे बदल

मूळ सीव्ही एकच. प्रत्येक अर्जासाठी फक्त गोषवारा, कौशल्यांचा क्रम आणि अनुभवातल्या पहिल्या दोन ओळी बदलायच्या. जाहिरात वाचताना वारंवार येणाऱ्या नामांखाली रेघ मारायची. आपण ते केलं असेल तर त्यांचाच शब्द घ्यायचा. ते ‘अकाउंट्स पेएबल’ (देणी) म्हणत असतील तर आपणही ‘क्रेडिटर्स’ऐवजी तेच. केलं नसेल तर घालायचं नाही. पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवून ठेवण्याची युक्ती सुचवली जाते. मजकूर काढला की ती सगळी यादी काळ्या अक्षरांत समोर येते, आणि उमेदवाराबद्दलचा विश्वास तिथेच जातो.

एआयकडून सीव्ही लिहून आणला असेल तर प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारायचं: यावर दोन मिनिटं बोलता येईल का? ‘डायनॅमिक’, ‘रिझल्ट्स-ड्रिव्हन’ हे शब्द तर थेट काढायचे. इंग्रजी दुरुस्त करून घ्यायला मात्र ते उपयोगी आहे. इंग्रजी माध्यमात न शिकलेल्या उमेदवाराने स्वतःच्या पाच खऱ्या ओळी मराठीत लिहून त्यांचं इंग्रजी करून घ्यावं, मग आकडे आणि क्रियापदं परत तपासावीत.

१ ऑगस्ट २०२४ : ईमेलने अर्ज

विषयाच्या ओळीत पद, जाहिरातीतला क्रमांक, नाव. मजकूर चार-पाच ओळी: कोणती जागा, आपला जुळणारा अनुभव, कधी रुजू होऊ शकतो, फोन. ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ एवढंच लिहून कोरा ईमेल पाठवू नये. गूगल ड्राइव्हची लिंक नको, बहुतेक वेळा परवानगीच दिलेली नसते. फाइलच जोडायची.

६ ऑगस्ट २०२४ : फसवणूक

प्रोफाइल सगळ्यांना दिसायला लागलं की फोन वाढतात, त्यात खोटेही असतात. नोंदणी फी, लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षणाचे पैसे, गणवेशाचे पैसे, काहीही मागितलं की तिथेच थांबायचं. ओटीपी कुणालाही नाही. ऑफर कंपनीच्या डोमेनवरून आली आहे का ते एकेक अक्षर पाहून तपासायचं, आणि कंपनीच्या संकेतस्थळावरच्या फोनवर स्वतः खात्री करायची. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन. उशीर झाला की रक्कम अडवणं अवघड होतं.

१२ ऑगस्ट २०२४ : अर्जांची वही

प्रत्येक उमेदवाराला एक साधी शीट दिली. रकाने: तारीख, कंपनी, पद, कुठून अर्ज, कोणती फाइल, प्रश्नांना दिलेली उत्तरं, भरलेला पगार, पुढे काय झालं. जाहिरातीचा मजकूर त्याच दिवशी कॉपी करून ठेवायचा. मुलाखतीचा फोन येईपर्यंत जाहिरात पोर्टलवरून गेलेली असते, आणि समोरचा तिच्यातलेच मुद्दे विचारतो.

शीटवरून दुरुस्तीही कळते. प्रोफाइल पाहिलं जात नसेल तर हेडलाइन आणि की-स्किल्स बदलायची. पाहिलं जातं पण फोन येत नाही, तर सीव्हीतला पहिला अर्धा भाग, पगार आणि नोटीस पीरियड तपासायचा. फोन येतात पण पुढे सरकत नाही, तर सीव्ही ठीक आहे, मुलाखतीच्या तयारीकडे वळायचं. आठ-दहा दिवस उत्तर नसेल तर एकदाच, दोन ओळींचा आठवणीचा ईमेल.

राहिलेली कामं: नर्सिंग आणि औषधनिर्माण उमेदवारांसाठी नोंदणी क्रमांकाचा रकाना असलेली प्रत, आणि फक्त मोबाइलवर काम करणाऱ्यांसाठी गूगल डॉक्स ॲपमधल्या पायऱ्यांचा एक पानी तक्ता. तक्ता आधी घ्यायचा, त्याची गरज जास्त आहे.